वितळताना नेमके काय तुटते? रासायनिक बंध शिकू लागणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सोलापुरात दहावी-अकरावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना मला दरवर्षी एक उत्तर हमखास वाचायला मिळते: ‘साखरेतील सहसंयुज बंध दुर्बळ असतात, म्हणून साखर मिठापेक्षा लवकर वितळते.’ वाक्य नेटके आहे, वाचणाऱ्याला ते पटतेही. पण ते चुकीचे आहे. साखर नुसती वितळते तेव्हा तिच्या रेणूच्या आतला एकही बंध तुटलेला नसतो. शेजारशेजारच्या रेणूंमधली ओढ तेवढी सैल पडते. बंधांचे प्रकार आणि त्यांच्या संयुगांचे गुणधर्म हा धडा बहुतेकांना पाठांतराचा वाटतो, याचे कारण मला या एका गफलतीत दिसते. पदार्थ वितळताना, विरघळताना, ठोकताना किंवा धुताना त्यात नेमके काय तुटते, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारण्याची सवय लागली, तर गुणधर्मांची यादी पाठ करावी लागत नाही. पुढच्या पायऱ्या त्याच प्रश्नाभोवती लावल्या आहेत आणि त्यांना लागणारे बहुतेक सामान घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

पायरी १: सामान जमवा

जाडे मीठ, साखर, पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा, कापराची एक वडी, थोडे शेंगदाणा तेल, तांब्याच्या तारेचे दोन तुकडे आणि दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल घ्या. वाहनांच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळते. त्याची एक बाटली आणा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक तांबडा एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर आणा आणि हे तिन्ही एकापुढे एक जोडून दोन मोकळी टोके ठेवा. या टोकांमध्ये जो पदार्थ धराल त्यातून वीज वाहत असेल, तर दिवा लागेल.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. घरातल्या विजेच्या बोर्डाला यातले काहीही जोडायचे नाही. आणि मिठाच्या पाण्यात टोके बुडवली की ती दहा सेकंदांत बाहेर काढायची, खिडकी उघडी ठेवायची. कारण वीज जास्त वेळ वाहू दिली तर धन टोकापाशी क्लोरीन वायू तयार होऊ लागतो.

पायरी २: बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन मोजा

बंध म्हणजे अणूंच्या बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांची व्यवस्था. आतल्या कवचांचा त्यात भाग नसतो, म्हणून सुरुवातीला फक्त संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, मोजायला शिका. सोडिअमचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १ आहे, क्लोरीनचे २, ८, ७. निऑन (२, ८) आणि आर्गॉन (२, ८, ८) यांची बाहेरची कवचे भरलेली आहेत आणि हे वायू सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. या निरीक्षणातूनच १९१६ मध्ये जर्मनीत कोसेल यांनी आणि अमेरिकेत लुईस यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अष्टकाची, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असण्याची, कल्पना मांडली: कोसेल यांनी इलेक्ट्रॉन देण्याघेण्यावर भर दिला, लुईस यांनी इलेक्ट्रॉनांच्या जोडीत दोन अणूंची भागीदारी पाहिली. आज शाळेत आपण ज्यांना आयनिक आणि सहसंयुज बंध म्हणतो, ते या दोन विचारांतून आले आहेत.

एक सावधगिरी इथेच सांगतो. अष्टक हा नियम म्हणून उपयोगी आहे, कारण म्हणून नाही. ‘सोडिअमला अष्टक पूर्ण करावेसे वाटते’ असे आपण बोलण्याच्या सोयीसाठी म्हणतो. प्रत्यक्षात सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा खर्च करावीच लागते. हा खर्च भरून निघतो तो विरुद्ध प्रभारांचे आयन (इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन प्रभारित झालेले अणू) एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा बाहेर पडणाऱ्या ऊर्जेतून. स्फटिकाचा विचार सोडून केवळ एका सोडिअमची आणि एका क्लोरीनची गोष्ट सांगितली, तर हा हिशेब अर्धवट राहतो.

पायरी ३: जोडी कोणाची आहे ते पाहा

धातू आणि अधातू एकत्र आले तर बहुधा आयनिक, अधातू आणि अधातू असतील तर सहसंयुज, नुसते धातू असतील तर धातू बंध, असा पहिला ढोबळ अंदाज करा. नंतर तो विद्युतऋणतेवर ताडून पाहा. विद्युतऋणता म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्याची अणूची ताकद. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये तिची मोजपट्टी मांडली. तिच्यावर फ्लोरीन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, ॲल्युमिनिअम १.६१ आणि सोडिअम ०.९३ येतात. सोडिअम आणि क्लोरीन यांच्यातला फरक २.२३ आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन जवळजवळ पूर्णपणे क्लोरीनकडे गेलेला असतो. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातला फरक ०.३५ आहे, म्हणजे भागीदारी बहुतांशी समसमान आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा फरक १.२४: भागीदारी आहे, पण वाटा सारखा नाही.

फरक १.७ च्या वर असला की आयनिक, असे अनेक मार्गदर्शकांत छापलेले असते. हा आकडा कुंपण समजू नका. हायड्रोजन आणि फ्लोरीन यांचा फरक १.७८ आहे, तरी हायड्रोजन फ्लोराइड हे रेणूंचे बनलेले सहसंयुज संयुगच आहे. ॲल्युमिनिअम क्लोराइड धातू आणि अधातू यांचे असूनही सुमारे १८० अंश सेल्सिअसला थेट वाफ होऊन उडते; असे वागणे मिठाला कधी जमणार नाही. शुद्ध आयनिक आणि शुद्ध सहसंयुज ही दोन टोके आहेत आणि बरीचशी संयुगे मधे कुठेतरी बसतात. म्हणून अंदाज कागदावर करायचा, पण निकाल गुणधर्मांकडून घ्यायचा.

पायरी ४: मीठ हाताळा

जाड्या मिठाचा एक मोठा खडा घेऊन त्यावर बत्त्याचा हलका ठोका द्या. खडा चेपत नाही, तडकतो, आणि भिंगातून पाहिले तर तुकड्यांच्या कडा पुष्कळदा सरळ, कोपरे काटकोनातले दिसतात. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडिअम आयन असतात, आणि ही रचना तिन्ही दिशांना लांबवर चालू राहते. ठोका बसला की एक थर किंचित सरकतो, सरकताक्षणी धन आयनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतो, आणि ओढीची जागा प्रतिकर्षण घेते. आयनिक संयुगे कठीण असूनही ठिसूळ का असतात, याचे उत्तर एवढेच आहे.

या रचनेत मिठाचा ‘रेणू’ कुठेच नाही. सोडिअम क्लोराइड या नावातून किंवा सूत्रातून एकास एक हे प्रमाण कळते. एका सोडिअमला बांधलेला एक क्लोरीन असे वेगळे जोडपे स्फटिकात दाखवता येत नाही. म्हणूनच मीठ वितळवायचे तर ही सगळी आयनांची ओढ एकाच वेळी ढिली करावी लागते, आणि त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. आयनांवरचा प्रभार वाढला की ओढ आणखी वाढते: मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्ही बाजूंना दुहेरी प्रभार आहे आणि त्याचा द्रवणांक सुमारे २,८५० अंश आहे. गिझरच्या कॉइलमध्ये तापणारी तार आणि बाहेरची नळी यांच्या मधे हीच पांढरी पूड ठासून भरलेली असते, कारण ती उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही आणि तेवढ्या तापमानाला वितळत नाही.

आता दिव्याची टोके कोरड्या मिठात खुपसा. दिवा लागत नाही. आयन आहेत, प्रभार आहे, पण प्रत्येक जण आपल्या जागी जखडलेला आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये टोके बुडवा. तरीही दिवा लागत नाही. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळा आणि पुन्हा टोके बुडवा. दिवा चांगला उजळतो, कारण पाण्याने आयन सुटे केले आहेत आणि ते आता हलू शकतात. ‘मिठातून वीज वाहते’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. वितळलेल्या किंवा विरघळलेल्या मिठातून ती वाहते. ज्यांच्या घरी बोअरचे पाणी आहे त्यांनी तेही तपासून पाहावे. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात काहीही न घालता दिवा मंद लागतो. तवल्याच्या तळाशी पांढरा थर चढवणारे कॅल्शिअमचे क्षार त्यात आयनांच्या रूपात फिरत असतात.

पायरी ५: साखर, मेण आणि कापूर

चार छोट्या स्टीलच्या वाट्यांत मीठ, साखर, मेण आणि कापूर ठेवून त्या वाट्या गॅसवरून उतरवलेल्या उकळत्या पाण्याच्या परातीत तरंगत ठेवा. कापूर पेट घेतो, म्हणून ज्योत जवळ नको. मेण काही मिनिटांत पातळ होते. कापूर वितळत नाही, पण त्याचा वास खोलीभर पसरतो. मीठ आणि साखर जशीच्या तशी राहतात.

मेणात लांब साखळ्यांचे हायड्रोकार्बन रेणू आहेत. त्या साखळीतला कार्बन-कार्बन बंध भक्कम असतो. गरम पाण्याने तो तुटला असता तर मेण थंड झाल्यावर पुन्हा मेण झाले नसते. तुटले ते दोन साखळ्यांमधले आकर्षण, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. कापराचेही तेच: त्याचा रेणू गोलसर आहे, शेजाऱ्याला घट्ट चिकटून बसणे त्याला जमत नाही, म्हणून तो घनातून थेट हवेत निसटतो. नाकापर्यंत जे पोहोचते ते कापराचे अख्खे, अभंग रेणू असतात.

साखरेसाठी जाड बुडाच्या कढईत, अगदी मंद आचेवर, एक चमचा साखर ठेवा आणि शेजारी बसून लक्ष द्या. साखर साधारण १८६ अंशांच्या आसपास वितळू लागते, आणि लगेचच तिला आधी सोनेरी, मग तांबूस रंग येऊ लागतो. ज्या क्षणी रंग बदलतो आणि खरपूस वास सुटतो, त्या क्षणापासून साखरेच्या रेणूतले सहसंयुज बंध तुटू लागलेले असतात आणि नवी संयुगे तयार होऊ लागतात. निव्वळ वितळणे आणि रेणू मोडणे यांतला फरक डोळ्यांनी दिसावा, असा याहून सोपा प्रयोग मला अजून सापडलेला नाही. काळी पडलेली साखर गार केली तरी पुन्हा पांढरी होत नाही, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

साखरेच्या पाण्यात दिव्याची टोके बुडवली तर दिवा लागणार नाही. पाण्यात साखरेचे अख्खे रेणू सुटे झाले आहेत, आयन नाहीत. इथे आणखी एक समजूत दुरुस्त होते. ‘पाण्यात विरघळते ते आयनिक’ असे अनेकांना वाटते. १०० ग्रॅम पाण्यात साधारण तापमानाला ३६ ग्रॅम मीठ विरघळते, साखर मात्र २०० ग्रॅमच्या आसपास. उलट बेरियम सल्फेट आयनिक असूनही पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बेरियमचे आयन विषारी असतानाही पोटाच्या एक्स-रे तपासणीत रुग्णाला बेरियम सल्फेटचे पांढरे पाणी पाजता येते, ते याच कारणाने.

सहसंयुज पदार्थ नेहमी मऊ आणि लवकर वितळणारे असतात, असेही समजू नये. वाळूतील क्वार्ट्झमध्ये प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनांशी आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांशी जोडलेला असून हे जाळे कणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड आहे. वाळू वितळवायची तर खरोखर सहसंयुज बंधच तोडावे लागतात, म्हणून १,७०० अंशांच्या आसपास तापमान लागते. हिऱ्यातही असेच जाळे आहे. पेन्सिलीत ग्रॅफाइट असते, त्यात कार्बनचे थर आहेत: थराच्या आत भक्कम बंध, दोन थरांमध्ये सैल ओढ. थर सुटून कागदावर उतरतात म्हणून पेन्सिल लिहिते, आणि थरातले काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात म्हणून पेन्सिलीच्या दोन टोकांना तारा लावल्या तर आपला दिवा लागतो. अवश्य लावून पाहा.

पायरी ६: पाण्याचा ओशट पदार्थांशी आणि स्वतःशी असलेला संबंध

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो आणि रेणू वाकडा असल्याने त्याची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन राहते. अशा रेणूला ध्रुवीय म्हणतात. एका रेणूतला हायड्रोजन दुसऱ्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, त्याला हायड्रोजन बंध हे नाव आहे. नावात बंध असला तरी तो रेणूच्या आतल्या बंधाच्या तोडीचा नाही: ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोजूल लागतात, तर पाण्यातल्या हायड्रोजन बंधाला वीसच्या आसपास. तरीही या लहान ओढीचा परिणाम मोठा आहे. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असूनही तो उणे ६० अंशांनाच उकळतो, पाणी १०० अंशांना.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा माठातले पाणी गार राहते, तेही या हायड्रोजन बंधांमुळेच. माठाच्या छिद्रांतून बाहेर आलेल्या पाण्याचा एक ग्रॅम वाफ होऊन जाताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो, कारण प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांची ओढ तोडूनच निघावे लागते, आणि ही उष्णता मुख्यतः माठातल्या पाण्यातूनच घेतली जाते.

तेलाचे उलट आहे. वाटीभर शेंगदाणा तेलात मीठ टाकून कितीही ढवळा, ते तळाशीच बसते. तेलाच्या लांब अध्रुवीय साखळ्यांकडे आयनांना देण्यासारखे काही नाही. शेंगदाण्याची चटणी खाऊन तोंड भाजले की पाण्याचा घोट फारसा कामी येत नाही, हा आपल्याकडच्या प्रत्येकाचा अनुभव आहे. मिरचीतला तिखट घटक कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही. दह्यातला स्निग्धांश आणि प्रथिने त्याला धरून नेतात.

पायरी ७: तांब्याची तार वाकवा

तारेवर तोच बत्ता मारा जो मिठावर मारला होता. तार चपटी होते, तुटत नाही. धातूच्या अणूंनी बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक करून टाकलेले असतात आणि धन आयनांचे थर त्या सामाईक इलेक्ट्रॉनांत बसलेले असतात. थर सरकला तरी त्याच्याभोवती तेच इलेक्ट्रॉन असतात, म्हणून प्रतिकर्षणाचा प्रसंग येत नाही. वर्धनीयता (ठोकून पत्रा होणे), तन्यता (ओढून तार होणे), वीजवहन आणि चकाकी हे चारही गुण या एका कारणातून निघतात. द्रवणांकाबाबत मात्र सरसकट बोलता येत नाही: पारा उणे ३९ अंशांना वितळतो, तांबे १,०८५ अंशांना आणि टंगस्टन ३,४२२ अंशांना.

पायरी ८: मोरचूद, एकाच खड्यात चार बंध

आपल्या जिल्ह्यात डाळिंबाच्या बागा पुष्कळ आहेत, त्यामुळे मोरचूद अनेक विद्यार्थ्यांच्या घरी असतो. पिकांवरच्या बुरशीसाठी फवारायचे एका टक्क्याचे बोर्डो मिश्रण करायचे तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, हे माप बागायतदारांच्या मुलांना तोंडपाठ असते. हा निळा खडा म्हणजे स्फटिकजल असलेले कॉपर सल्फेट: एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू. तांब्याचा धन आयन आणि सल्फेटचा ऋण आयन यांच्यात आयनिक ओढ आहे. सल्फेटच्या आत गंधक आणि ऑक्सिजन यांच्यात सहसंयुज बंध आहेत. पाण्याचे चार रेणू आपल्या ऑक्सिजनवरची इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी तांब्याला देऊन त्याला जोडले गेले आहेत. जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच बाजूने आलेले असल्याने या बंधाला समन्वय बंध म्हणतात. पाचवा रेणू हायड्रोजन बंधांनी सल्फेटला धरून बसलेला असतो.

मोरचूद तापवला की पाणी निघून जाते आणि पांढरी पूड उरते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की निळा रंग परत येतो. तो रंग तांब्याभोवती बसलेल्या पाण्याचा पुरावा आहे. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतच, शिक्षकांसमोर करावा; मोरचूद विषारी आहे आणि स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी कधीही वापरू नये.

बोर्डो मिश्रण प्लॅस्टिकच्या पिंपात का करतात आणि त्यात विळा बुडवून का पाहतात, हेही इथेच कळते. चुना कमी पडला असेल तर तांब्याचे आयन मोकळे राहतात. ते लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेऊन तांबे बनतात आणि विळ्याच्या पात्यावर तांबूस थर चढतो. थर दिसला की आणखी चुन्याची निवळी घालायची, हे शेतकऱ्यांना पुस्तकाशिवाय माहीत असते.

पायरी ९: रंगाईच्या टाकीत सगळे एकत्र पाहा

शेवटची पायरी मी मुद्दाम आपल्या चादरी-टॉवेलच्या गावासाठी राखून ठेवली आहे, कारण सुताची रंगाई हा बंधांचा सर्वांत पूर्ण धडा आहे. सूत म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या घटकांची लांब सहसंयुज साखळी. तिच्यावर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट असतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींना असंख्य हायड्रोजन बंधांनी धरतात. पाणी त्यांच्यात शिरते, म्हणून टॉवेल पाणी टिपतो. पण साखळ्यांचे एकमेकींतले बंध इतके आहेत की पाणी त्यांना विरघळवू शकत नाही. सुती कपड्याला इस्त्री करताना पाणी शिंपडतो, तेव्हा चुरगळलेल्या अवस्थेतले हायड्रोजन बंध आपण सैल करतो आणि उष्णतेने पाणी उडाल्यावर सपाट अवस्थेत ते नव्याने जुळतात.

आता या सुताला रंग धरवायचा आहे. डायरेक्ट प्रकारचे रंग सुताला केवळ हायड्रोजन बंधांनी आणि व्हॅन डर वाल्स बलांनी चिकटतात. ज्या ओढीने रंग धरला तशीच ओढ धुण्याचे पाणीही लावू शकते, म्हणून असा कपडा धुण्यागणिक थोडा थोडा रंग सोडत जातो. १९५६ मध्ये बाजारात आलेल्या रिॲक्टिव्ह रंगांनी ही अडचण मुळातून सोडवली, कारण ते सेल्युलोजशी प्रत्यक्ष सहसंयुज बंध करतात.

क्रम लक्षपूर्वक पाहा. रंगाच्या रेणूवर सल्फोनेटचे ऋण प्रभारित गट असतात, त्यांच्यामुळे तो पाण्यात विरघळतो. पण पाण्यात सुताच्या पृष्ठभागावरही थोडा ऋण प्रभार असतो, त्यामुळे रंग आणि सूत एकमेकांना दूर लोटतात. म्हणून टाकीत भरपूर मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडिअम सल्फेट) घालतात. सोडिअमचे धन आयन मधे येऊन ते प्रतिकर्षण झाकतात आणि रंग पाण्यातून सुतात शिरतो. एवढ्यावर थांबलो तर रंग आत गेलेला असतो, पण बांधला गेलेला नसतो. त्यानंतर सोडा ॲश (सोडिअम कार्बोनेट) घालतात. पाणी अल्कधर्मी झाले की सेल्युलोजवरचे काही गट हायड्रोजन आयन सोडतात आणि उरलेला ऋण ऑक्सिजन रंगाच्या रेणूशी सहसंयुज बंध करतो. मिठाचे काम जवळ आणण्याचे, सोड्याचे काम बांधण्याचे. हा क्रम उलटा केला, सोडा आधी घातला, तर सुतात पोहोचण्याआधीच बराच रंग पाण्याशी अभिक्रिया करून वाया जातो.

नीट केलेल्या रंगाईतही काही रंग पाण्याशी जुळून निकामी होतोच, आणि तो सुतात नुसता अडकून राहतो. त्यासाठी रंगाईनंतर सूत गरम साबणाच्या पाण्यात वारंवार धुतात. ही धुलाई आखडती घेतली की नवा टॉवेल पहिल्या दोन-तीन धुण्यांत पाणी रंगवतो आणि मग थांबतो. तो थांबतो, याचा अर्थ उरलेला रंग सहसंयुज बंधाने धरलेला आहे. दहाव्या धुण्यालाही पाणी रंगतच असेल, तर त्या रंगाला धरून ठेवणारी ओढ दुर्बळ आहे.

नवा रंगीत कपडा रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो, असे घरोघर सांगितले जाते. वरचा क्रम समजला असेल तर याचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. मीठ रंगाला त्या पाण्यात कमी विरघळू देते, त्यामुळे बादलीतले पाणी कमी रंगलेले दिसते. सुताशी नवा बंध मात्र मिठाने तयार होत नाही, आणि पुढच्या साध्या पाण्यात सुटा रंग पुन्हा बाहेर येतो. खात्री करायची असेल तर एकाच नव्या टॉवेलच्या आतल्या कडेचे दोन छोटे तुकडे कापा. एक रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, दुसरा साध्या पाण्यात. सकाळी दोन्ही तुकडे स्वच्छ पाण्यात खळबळून पांढऱ्या ओल्या सुती फडक्याच्या दोन घड्यांत वेगवेगळे दाबा, वर पाण्याने भरलेला तांब्या अर्धा तास ठेवा, आणि फडके उलगडून दोन डाग शेजारी शेजारी पाहा.